खोके कमी पडले तर पॅलेट कसे रचावे: स्वयंचलित गोदामासाठी सविस्तर कार्यपद्धती

मिश्र पॅलेट (एकाच तळफळीवर वेगवेगळ्या मालाची खोकी) रचणाऱ्या रोबोकडे एखाद्या दुकानाची ऑर्डर जाते, तेव्हा तिच्यासोबत पूर्ण आराखडाही जातो. कोणते खोके कितव्या क्रमांकाने येईल, कोणत्या थरात बसेल, आडवे ठेवायचे की वळवून ठेवायचे, हे सारे त्यात आधीच ठरलेले असते. मागितलेले प्रत्येक खोके येणारच, असे हा आराखडा धरून चालतो. भिवंडी असो वा चाकण, संध्याकाळच्या डिस्पॅचच्या घाईत हे गृहीत टिकत नाही. सिस्टीममध्ये माल दिसतो आणि बिन (रॅकमधला कप्पा) रिकामा निघतो, कन्व्हेयरच्या वळणावर खोके अडकते, बारकोड फाटलेला असतो, शटलची (रॅकमधून माल आणणाऱ्या स्वयंचलित गाडीची) एखादी गल्ली बंद पडते. हाताने माल लावणारा अनुभवी लोडर अशा वेळी थरावर एक नजर टाकून दोन खोकी इकडची तिकडे करतो आणि पुढे जातो. यंत्राला हे शहाणपण आपण आधी शिकवलेले असेल तरच येते, नाहीतर ते एक तर थांबून राहते किंवा पोकळीवर पुढचे खोके ठेवून देते.

हा लेख डब्ल्यूएमएस (गोदामाच्या साठ्याचे सॉफ्टवेअर) आणि डब्ल्यूसीएस (यंत्रांचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर) सांभाळणाऱ्यांसाठी, रोबो सेल (रोबोचा जाळीबंद कक्ष) चालू करून देणाऱ्या अभियंत्यांसाठी आणि शिफ्टची जबाबदारी असलेल्यांसाठी आहे. उदाहरण किराणा व एफएमसीजी (रोजच्या वापराच्या, झटपट खपणाऱ्या) मालाच्या वितरण केंद्राचे घेतले आहे, कारण एकाच पॅलेटवर तेल, साबण, बिस्किटे आणि नूडल्स एकत्र रचण्याची वेळ तिथेच सर्वाधिक येते.

एक खोके गेले तर नेमके काय बिघडते

ही पायरी वगळून थेट उपायांकडे वळू नये. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे 1200 × 1000 मिलीमीटरचे पॅलेट घ्या आणि त्यावर 400 × 300 मिलीमीटर तळाची खोकी रचा. पुढच्या ओळीत चार खोकी वळवून बसतात, म्हणजे 300 ची बाजू पॅलेटच्या लांबीकडे येते, आणि मागे तीन-तीन खोक्यांच्या दोन ओळी आडव्या बसतात. खोली 400 अधिक 300 अधिक 300, म्हणजे बरोबर 1000 होते आणि एका थरात दहा खोकी फट न राहता मावतात. दुसऱ्या थरात हीच रचना उलटी फिरवतात, म्हणजे बहुतेक सांधे एकमेकांवर येत नाहीत आणि थर एकमेकांना धरून राहतात.

आता पहिल्या थरातले पुढचे डावे कोपऱ्याचे खोके आले नाही असे समजा. त्याच्यावर दुसऱ्या थरातली दोन खोकी टेकणार होती. कोपऱ्यावरच्या खोक्याचा फक्त 25 टक्के तळ टेकलेला उरतो आणि त्याचा मध्यबिंदू पोकळीवर येतो, त्यामुळे ते कलंडणार हे निश्चित. त्याच्या मागच्या खोक्याचा 75 टक्के तळ टेकलेला राहतो, मध्यबिंदू आधारावर असतो आणि चारांपैकी तीन कोपरे भक्कम असतात, म्हणून ते टिकते. हाच प्रयोग मधल्या ओळीतले मधले खोके काढून केला, तर त्यावरच्या एका खोक्याला 33 टक्के आणि दोन खोक्यांना प्रत्येकी सुमारे 83 टक्के आधार उरतो. इथे कलणारे खोके शेजाऱ्यांच्या मध्ये अडकून राहील आणि खाली पडणार नाही, पण त्याचा वरचा पृष्ठभाग तिरपा झाल्यामुळे तिसरा थर बिघडेल. वरच्या शेवटच्या थरातले खोके कमी असेल, तर मात्र काहीच बिघडत नाही.

वजनाच्या असमतोलाची भीती अनेकांना वाटते. ती या प्रसंगी बहुधा अनाठायी असते. वरच्या उदाहरणात प्रत्येक खोके 12 किलोचे धरले आणि कोपऱ्याचे एक गेले, तर त्या थराचा गुरुत्वमध्य लांबीच्या दिशेने 50 आणि खोलीच्या दिशेने सुमारे 33 मिलीमीटर सरकतो. 1200 मिलीमीटरच्या पॅलेटवर एवढे सरकणे सहज सामावते. खरा धोका आधार जाण्याचा आणि बाहेरची भिंत खचण्याचा असतो, म्हणून तपासणीचा सगळा भर तिथे द्यावा.

खोके कमी पडले की "या जागी दुसरे काय ठेवू" हा प्रश्न सर्वांना आधी सुचतो. यंत्राला मात्र आधी "या खोक्यावर कोण अवलंबून होते" हे विचारायला शिकवावे लागते. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नावर उभी आहे.

पूर्वतयारी: आधारांची नोंद आणि खरी मापे

आराखडा तयार करणारे सॉफ्टवेअर सहसा प्रत्येक खोक्याची जागा, दिशा आणि क्रम इतकेच पुढे पाठवते. त्याच्यासोबत आधारांची यादीही मागून घ्या: हे खोके कोणकोणत्या खोक्यांवर टेकते, प्रत्येकावर तळाचा किती टक्के भाग येतो आणि याच्या वर एकूण किती किलो भार येणार आहे. पुरवठादाराने ही यादी दिली नाही, तर जागांच्या माहितीवरून ती स्वतः काढता येते, कारण दोन आयतांचा सामाईक भाग काढणे एवढेच ते गणित आहे. ही यादी हाती असली की एखादे खोके गैरहजर होताच त्याच्यावरचा सगळा परिवार क्षणात दिसतो. यादी नसेल, तर प्रत्येक वेळी संपूर्ण पॅलेटचा आराखडा नव्याने करावा लागतो, आणि त्रिमितीय रचनेचा प्रश्न गणिती दृष्टीने इतका अवघड आहे की खोकी वाढत गेली तशी सर्वोत्तम उत्तर ठरावीक वेळात मिळण्याची खात्री उरत नाही. ताशी 600 खोकी रचणाऱ्या रोबोला एका खोक्यामागे 6 सेकंद मिळतात. निर्णय त्याच वेगाने व्हायला हवा.

मास्टर डेटातली (सिस्टीममधल्या मालाच्या मूळ नोंदीतली) मापे खरी असणे ही दुसरी अट आहे. कंपनीने कळवलेले माप आणि प्रत्यक्ष खोके यांत फरक असतो. भरलेले खोके पोटातून फुगते, पावसाळ्यात दमट होते, आणि जाहिरातीच्या योजनेत जादा पाकीट घातले की त्याची उंचीच बदलते. इनवर्डला (आवक विभागात) येणाऱ्या प्रत्येक नव्या एसकेयूचे (मालाच्या स्वतंत्र प्रकाराचे) माप आणि वजन यंत्रावर घ्यावे, आणि जुन्या एसकेयूंचे ठरावीक काळाने पुन्हा घ्यावे. प्रत्येक एसकेयूला किती भार सोसतो याचाही एक आकडा हवा. पन्हळी खोक्यावरच्या उभ्या भाराचा मोठा वाटा त्याचे कोपरे पेलतात. म्हणून कोपऱ्यावर कोपरा येणारी सरळ स्तंभाची रचना भार जास्त सोसते, आणि सांधेमोड रचना खोक्यांना एकमेकांत गुंतवते पण भारक्षमता लक्षणीय घटवते. त्यात सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर गेली की पन्हळी खोक्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. कोकणपट्टीच्या आणि भिवंडीच्या पावसाळ्यात बंदिस्त वातानुकूलन नसलेल्या गोदामासाठी भारमर्यादेचा वेगळा, कमी आकडा ठेवावा आणि जून ते सप्टेंबर तोच लागू करावा. खोकी कमी पडल्यावर उरलेल्यांवरचा भार वाढतो, त्यामुळे हा आकडा नेमका त्याच वेळी उपयोगी पडतो.

आधी ओळखा: नाही, उशीर, की नाकारलेले

खोके आले नाही याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. माल गोदामात नाहीच, हा पहिला. शटल किंवा क्रेन बिनपाशी गेली आणि तिथे काही नव्हते, अशी खात्रीची नोंद त्याच्यामागे असते. माल निघाला आहे पण वाटेत आहे, हा दुसरा. शेवटच्या स्कॅननंतर अपेक्षित वेळेत पुढच्या सेन्सरवर तो दिसला नाही, एवढेच इथे ठाऊक असते. माल पोहोचला पण सेलच्या दाराशी नाकारला गेला, हा तिसरा. बारकोड वाचला गेला नाही, खोके फाटले आहे किंवा माप मास्टर डेटाशी जुळत नाही, अशी त्याची कारणे असतात.

बहुतेक केंद्रांत या तिन्हींना एकच "शॉर्ट" कोड लावलेला असतो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. उशिराच्या खोक्याला गैरहजर मानून आराखडा बदलला, की थोड्या वेळाने ते खोके डौलात सेलच्या तोंडाशी येऊन उभे राहते. आता त्याला कुठेच जागा नसते. कन्व्हेयर अडतो, ऑपरेटर घाईने त्याला पुढच्या पॅलेटवर ढकलतो, आणि एका दुकानात एक खोके कमी आणि दुसऱ्यात एक जास्त पोहोचते. दोन दुकानांच्या तक्रारी, दोन परतावे आणि स्टॉकच्या दोन चुकीच्या नोंदी यातून निर्माण होतात. म्हणून तीन वेगळे कोड ठेवा आणि प्रत्येक उणिवेसोबत शेवटच्या स्कॅनचे ठिकाण व वेळ अनिवार्य करा. कोड यंत्राने आपोआप लावावा. ऑपरेटरला यादीतून निवडायला सांगितले, तर घाईत तो पहिलाच पर्याय दाबतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

नाकारलेल्या खोक्यासाठी एक छोटी दुरुस्ती-जागा सेलच्या जवळच असावी. फाटलेल्या लेबलवर नवे लेबल लावून खोके परत आत घेण्याला मिनिटभर लागत असेल, तर आराखड्याला हात लावण्याची गरजच पडत नाही.

खोकी कुठवर पोहोचली आहेत, त्यावर मोकळीक ठरते

आराखडा बदलायचा म्हणजे काय काय बदलता येईल? पॅलेटवर ठेवलेले खोके हलवता येत नाही, निदान हलवू नये. बफरमधून (सेलआधीच्या तात्पुरत्या साठ्यातून) सुटून रोबोकडे निघालेल्या खोक्यांचा क्रम आता बदलता येत नाही, पण ती पॅलेटवर कुठे ठेवायची हे अजून आपल्या हातात असते. बफरमध्ये उभ्या असलेल्या खोक्यांचा क्रमही बदलता येतो आणि जागाही. रॅकमधून अजून निघालीच नाहीत, त्यांचे पॅलेटसुद्धा बदलता येते. नवा आराखडा मागताना प्रत्येक खोक्यासोबत या चारांपैकी त्याची अवस्था पाठवा. ती न पाठवणारी यंत्रणा कागदावर सुंदर उत्तर देते आणि त्यातले पहिलेच खोके कन्व्हेयरवर तिसरे उभे असते.

यातून एक नियम निघतो आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला तोच सर्वांत मोलाचा आहे: खालच्या दोन थरांची सगळी खोकी बफरमध्ये प्रत्यक्ष स्कॅन झाल्याशिवाय पॅलेट सुरू करू नये. रोबो काही काळ रिकामा राहतो म्हणून व्यवस्थापन याला नाखूश असते. पण पायातली उणीव पॅलेट सुरू होण्याआधी कळली, तर ती निव्वळ आकडेमोडीने सुटते. तीच चौथा थर चढल्यावर कळली, तर माणसाला जाळीच्या आत जावे लागते. बफर लहान असेल, तर निदान पहिल्या थरापुरता तरी हा नियम पाळावा.

याच्या जोडीला मूळ आराखड्यातच थोडी दूरदृष्टी ठेवता येते. बिनमधला शेवटचा नग, बरेच दिवस सायकल काउंट (पाळीपाळीने होणारी प्रत्यक्ष मोजणी) न झालेली जागा, वारंवार लेबलची तक्रार येणारा एसकेयू, असा भरवसा कमी असलेला माल वजन आणि ताकद परवानगी देईल तिथे वरच्या थरांत योजावा. तो आला नाही तरी त्याच्यावर कोणी अवलंबून नसते.

निर्णयाचा क्रम

उणीव नक्की झाल्यावर खालच्या पायऱ्या याच क्रमाने तपासाव्यात आणि जी पहिली जमेल तिथे थांबावे. क्रमामागचा विचार साधा आहे: आराखड्याला कमीत कमी धक्का लागावा आणि रोबोला जाळीबाहेरच्या मदतीची गरज लागू नये.

*थांबणे.* उशिराच्या खोक्यासाठी थांबावे, पण मर्यादा गाडीच्या वेळेवरून काढावी. समजा संध्याकाळी 7 ला गाडी सुटणार आहे आणि आता 6:30 वाजले आहेत. पॅलेटवर अजून 40 खोकी बाकी आहेत, म्हणजे 4 मिनिटे. स्ट्रेच रॅप (पॅलेटभोवती ताणून फिल्म गुंडाळणे) आणि लेबलला 3 मिनिटे, गाडीत चढवायला 10 मिनिटे. तीस मिनिटांतून ही सतरा गेली की तेरा उरतात. त्याच सेलवर त्याच गाडीची आणखी दोन पॅलेट प्रत्येकी 5 मिनिटांची असतील, तर थांबायला फक्त 3 मिनिटे उरतात. ही वजाबाकी यंत्रणेने दर वेळी नव्याने करावी. सगळ्यांसाठी एकच ठरावीक टाइमआउट ठेवला, तर दुपारी तो विनाकारण घाई करतो आणि संध्याकाळी विनाकारण अडवतो.

*क्रम बदलणे.* गैरहजर खोक्यावर जी अवलंबून नाहीत ती खोकी थांबण्याच्या काळात आधी लावून घ्यावीत. आधारांची यादी असेल, तर हे आपोआप निघते. एक खबरदारी घ्यावी: ग्रिपर (रोबोचा पंजा) बाजूने बोटे घालून खोके सोडणारा असेल, तर दोन्ही बाजूंची खोकी आधी बसल्यावर मधली जागा त्याला गाठता येत नाही. वरून व्हॅक्यूमने धरणाऱ्या ग्रिपरला ही अडचण कमी असते.

*पोकळी वर ढकलणे.* सर्वांत जास्त प्रसंग या पायरीवर सुटतात. याच पॅलेटच्या वरच्या थरात योजलेले, त्याच तळाचे एखादे खोके खाली आणून रिकाम्या जागी बसवायचे. मग त्याची वरची जागा रिकामी होते, आणि शक्य असेल तर तीही तशीच आणखी वर सरकवायची. तीन गोष्टी तपासाव्यात. तळाची मापे जुळावीत. उंचीतला फरक 5 मिलीमीटरच्या आत असावा, नाहीतर वरचे खोके डगमगते. आणि खाली आणलेल्या खोक्याची ताकद त्याच्यावर येणाऱ्या भाराला पुरावी. तिसरी अट विसरली जाते. तेलाच्या पाकिटांचे 11 किलोचे खोके गैरहजर आहे म्हणून त्याच मापाचे बिस्किटांचे खोके तळाशी घातले, तर मापे जुळतात आणि संध्याकाळपर्यंत बिस्किटांचा चुरा होतो. अशा वेळी दोन टप्प्यांची अदलाबदल शोधावी: दुसऱ्या थरातले भार पेलणारे खोके खाली आणि तिसऱ्यातले बिस्किटांचे दुसऱ्यात.

*फट वाटून देणे.* योग्य मापाचे खोके सापडले नाही, तर त्या ओळीतली उरलेली खोकी समान अंतराने पसरवता येतात. पुढच्या ओळीत चारऐवजी तीनच खोकी असतील, तर 300 मिलीमीटरच्या एका खड्ड्याऐवजी 150 मिलीमीटरच्या दोन फटी होतात आणि दोन्ही टोकांची खोकी पॅलेटच्या कडेशी घट्ट राहतात. कडेची भिंत सलग ठेवणे इथे महत्त्वाचे आहे, कारण स्ट्रेच फिल्मचा ताण तिच्यावरच येतो आणि भिंतीत खाच असेल, तर फिल्म ती खाच आत ओढते. या पायरीनंतर वरच्या प्रत्येक खोक्याचा आधार नव्याने मोजलाच पाहिजे.

*वरचे थर नव्याने रचणे.* ठेवलेली आणि सुटलेली खोकी जशीच्या तशी धरून फक्त उरलेल्यांसाठी आराखडा मागावा. काही सेकंदांची मुदत द्यावी आणि त्यात मिळालेले सर्वोत्तम उत्तर घ्यावे. परिपूर्ण उत्तराचा हट्ट धरू नये; पॅलेट हातभर उंच झाले तरी चालते, अस्थिर झालेले चालत नाही.

*सपाट थरावर पॅलेट बंद करणे.* वरचे काहीच जमत नसेल, तर शेवटच्या पूर्ण, सपाट थरावर पॅलेट संपवून उरलेली खोकी दुसऱ्या पॅलेटवर घ्यावीत. गाडीतली जागा वाया जाते हे खरे, म्हणून ही पायरी शेवटून दुसरी ठेवली आहे.

*माणसाकडे सोपवणे.* हा पर्याय उपलब्ध असावा आणि तो वापरताना कोणाला संकोच वाटू नये. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

रिकामे किंवा कागद भरलेले खोके पोकळीत ठेवण्याची सूचना बैठकीत हमखास येते. रिकामे पन्हळी खोके आतल्या मालाच्या पाठबळाशिवाय भार नीट पेलत नाही, दुकानात गेल्यावर मोजणीचा घोळ करते आणि कोणाच्याच स्टॉकमध्ये नसते. ही वाट धरू नये.

पर्यायी माल पाठवताना

गैरहजर मालाच्या जागी दुसरा माल पाठवणे हा रचनेचा निर्णय नाही, तो विक्रीचा आहे. रोबोच्या यंत्रणेने तो स्वतः घेऊ नये; डब्ल्यूएमएसकडे विचारणा करावी आणि तिथे ग्राहकाने मान्य केलेली पर्यायांची यादी असेल, तरच पुढे जावे. आपल्याकडे त्याच एसकेयूची दुसरी बॅचसुद्धा बिनशर्त पर्याय ठरत नाही, कारण एमआरपी वेगळी असू शकते आणि दुकानाच्या बिलिंगमध्ये ती वेगळी वस्तू ठरते. बॅच बदलली की एक्सपायरीही बदलते, आणि आधी संपणारा माल आधी पाठवण्याचा नियम मोडला जात नाही ना, हे पाहावे लागते. त्याशिवाय पर्यायी खोक्याचे माप वेगळे असले, तर निर्णयाच्या क्रमाची सुरुवात पुन्हा पहिल्या पायरीपासून करावी.

नव्या आराखड्याची तपासणी

मूळ आराखड्याला जे नियम लागू होते तेच बदललेल्यालाही लागू असावेत. उणीव आहे म्हणून सवलत नाही. सुरुवातीसाठी मी असे नियम सुचवतो: प्रत्येक खोक्याचा किमान 75 टक्के तळ टेकलेला असावा, किमान तीन कोपरे आधारावर असावेत, मध्यबिंदू आधाराच्या आत असावा, आणि कोणत्याही खोक्यावरचा भार त्याच्या ऋतुमानानुसार ठरवलेल्या मर्यादेत असावा. साबण आणि डिटर्जंट खाद्यपदार्थांच्या थरात येत नाही ना, हेही याच वेळी पाहावे, कारण घाईच्या अदलाबदलीत वास लागणारा माल चहा किंवा पिठाशेजारी जाऊन बसतो.

सेलवर अंतर मोजणारा (डेप्थ) कॅमेरा असेल, तर आराखडा बदलल्यानंतर एकदा पॅलेटचा वरचा पृष्ठभाग मोजून सॉफ्टवेअरमधल्या प्रतिकृतीशी ताडून पाहावा. पुढच्या खोक्याची उंची चुकीची धरली गेली, तर रोबो ते हवेतून सोडतो किंवा खालच्यावर दाबतो, आणि दोन्हींत नुकसान होते. कॅमेरा नसेल, तर पॅलेटखालच्या वजनकाट्याचा आकडा अपेक्षेशी जुळतो का, एवढी तरी खात्री करावी.

संदेशांचा क्रम

इथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. आधी गैरहजर खोक्याच्या ओळखक्रमांकाचे या पॅलेटवरचे आरक्षण रद्द करावे, कन्व्हेयर नियंत्रणाने ते रद्द झाल्याची पोच द्यावी, आणि मगच नवा आराखडा रोबोला पाठवावा. क्रम उलटा झाला, तर मधल्या क्षणी आलेल्या खोक्याला दोन्ही आराखडे आपले समजतात. रद्द झालेले खोके नंतर कोणत्याही स्कॅनरवर दिसले, की ते आपोआप परत-मार्गावर वळले पाहिजे आणि तिथून स्टॉकमध्ये जमा झाले पाहिजे. प्रत्येक आराखड्याला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि जुन्या आवृत्तीची आज्ञा रोबोने नाकारावी.

माणूस सेलमध्ये जातो तेव्हा

औद्योगिक रोबोच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ 10218 हे मानक आहे, आणि सेलचे दार उघडताच रोबो थांबेल अशी इंटरलॉकची व्यवस्था हा त्यातला मूलभूत भाग आहे. खोके नीट लावायला एकच क्षण पुरेल म्हणून सेन्सरला चकवून आत हात घालण्याचे प्रकार घडतात, आणि खोकी वारंवार कमी पडणाऱ्या केंद्रात त्यांचा मोह वाढतो. म्हणून आत जाण्याची अधिकृत पद्धत जलद आणि सोपी करावी: थांबवण्याची विनंती, हिरवा दिवा, दार, काम, बाहेर येऊन पुन्हा चालू करणे. ती किचकट ठेवली, तर लोक आडवाट शोधतात.

आत गेलेल्या व्यक्तीला पडद्यावर स्पष्ट चित्र दिसावे, की कोणते खोके कुठून उचलायचे आणि कुठे, कोणत्या दिशेने ठेवायचे. बाहेर आल्यावर पॅलेटचा पृष्ठभाग पुन्हा मोजून प्रतिकृती अद्ययावत केल्याशिवाय रोबोला पुढची आज्ञा जाऊ नये. हाताने एक खोके जरी हलले, तरी जुनी प्रतिकृती खोटी ठरते.

लेबल, सूचना आणि बीजक

पॅलेटवरचा 18 अंकी एसएससीसी क्रमांक (पाठवणीच्या प्रत्येक पॅलेटचा स्वतंत्र क्रमांक) हीच त्याची ओळख असते, आणि ग्राहकाला जाणाऱ्या आगाऊ पाठवणी-सूचनेत त्या क्रमांकाखाली खोक्यांची यादी असते. ही यादी ऑर्डरवरून बनवू नये. रोबोने प्रत्यक्ष ठेवलेल्या आणि माणसाने हाताने ठेवलेल्या खोक्यांच्या नोंदींवरून बनवावी. लेबल पॅलेट बंद झाल्यावरच छापावे. पॅलेट दोन झाली असतील, तर दोन क्रमांक आणि दोन याद्या हव्यात.

बीजकही शक्यतो गाडीतला माल नक्की झाल्यावरच काढावे. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर 24 तासांच्या आत रद्द करता येते, ई-वे बिलाचीही रद्द करण्याची मुदत 24 तासांचीच आहे, आणि त्यानंतर प्रत्यक्षात कमी गेलेल्या मालासाठी केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 34 खाली क्रेडिट नोट काढावी लागते. दहा दुकानांच्या दहा किरकोळ उणिवांसाठी दहा क्रेडिट नोटा काढणे हे लेखा विभागावर लादलेले काम आहे, आणि ते केवळ बीजकाची वेळ तासभर पुढे सरकवून टळते. व्यवसायाच्या पद्धतीमुळे बीजक आधीच काढावे लागत असेल, तर निदान उणिवेची नोंद त्याच शिफ्टमध्ये लेखा विभागाकडे आपोआप जावी.

चालू करण्यापूर्वीची चाचणी

मागच्या महिन्याच्या खऱ्या ऑर्डरी घ्या आणि प्रत्येक पॅलेटच्या आराखड्यातून एकेक खोके क्रमाने गायब करून बघा. यदृच्छेने दोनचार काढण्यापेक्षा प्रत्येक खोके एकदा काढणे चांगले, कारण धोकादायक जागा थोड्याच असतात आणि नेमक्या त्याच निसटतात. प्रत्येक वेळी निर्णयाच्या कोणत्या पायरीवर उत्तर मिळाले, किती वेळ लागला आणि माणसाची गरज पडली का, हे नोंदवा. मग एकाच पॅलेटमधून दोन आणि तीन खोकी एकत्र काढून तेच करा, विशेषतः एकाच एसकेयूची, कारण बिन रिकामा निघतो तेव्हा त्या एसकेयूची सगळीच खोकी एकदम जातात. या चाचणीत सतत माणसापर्यंत पोहोचणाऱ्या एसकेयूंची यादी हाती येते. बहुधा त्यांची मापे इतर कोणाशीच जुळत नाहीत. त्यांना मूळ आराखड्यातच वर ठेवण्याचा किंवा पूर्ण पॅलेटनेच पाठवण्याचा विचार करावा.

संगणकावरची चाचणी झाल्यावर उणिवेसह रचलेली काही पॅलेट रॅप करून प्रत्यक्ष गाडीतून नेहमीच्या मार्गावर पाठवावीत आणि दुकानात उतरवताना फोटो घ्यावेत. महामार्गाचे खड्डेखुड्डे आणि ब्रेकचे धक्के कोणत्याही प्रतिकृतीत नीट येत नाहीत.

नंतरची नोंद

दर आठवड्याला उणिवांची यादी तीन कोडांनुसार वेगळी काढावी आणि ज्याची त्याला द्यावी. "नाही" असलेल्यांची यादी स्टॉक पाहणाऱ्यांकडे जावी आणि त्या बिनांचा सायकल काउंट त्याच आठवड्यात व्हावा. "उशीर" झालेल्यांचे शेवटच्या स्कॅनचे ठिकाण मोजले, की कन्व्हेयरवरचे एखादेच वळण किंवा एखादाच सेन्सर वारंवार पुढे येतो, आणि देखभाल विभागाला नेमके काय पाहायचे ते कळते. "नाकारलेल्या"मध्ये माप न जुळण्याचे कारण असेल, तर ते खोके इनवर्डच्या मापन यंत्रावर परत न्यावे, मास्टर डेटा दुरुस्त करावा आणि त्या एसकेयूची पुढच्या दिवसाच्या आराखड्यांत आलेली सर्व पॅलेट नव्या मापाने पुन्हा काढावीत.